रात्रपाळीचे इन्सर्ट : कुपवाडच्या मशीन शॉपमधल्या प्रकल्प नोंदी (जून ते सप्टेंबर २०२५)

२ जून, सोमवार

दादा पुण्याचं प्रदर्शन बघून आले आणि सकाळचा चहा संपायच्या आत हुकूम सुटला, "आपल्या शॉपला एआय एजंट बसव." बसव म्हणजे कंप्रेसर बसवतात तसं. त्यानं करायचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "ते तू ठरव, इंजिनिअर तू आहेस. मला रात्रपाळीचे इन्सर्ट कुठं जातात तेवढं कळलं पाहिजे."

इन्सर्ट म्हणजे लेथवर धातू कापणारा कार्बाइडचा छोटा, बदलता येणारा तुकडा. निदान एक प्रश्न तरी हातात मिळाला. नाहीतर असली कामं "बघू काय काय करता येतंय" या वाक्यावर सुरू होतात आणि तिथंच संपतात.

नोंदीसाठी शॉपची माहिती : सांगलीजवळची कुपवाड एमआयडीसी, नऊ सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या मिलिंगची मशीन), तीन पाळ्या, ३४ माणसं. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे भाग. कास्टिंग कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीतून येतात, आम्ही फक्त मशिनिंग करतो.

दुपारी मे महिन्याचं "मशीन बंद" रजिस्टर घेऊन बसले. २१४ नोंदी. त्यातल्या १३७ नोंदींपुढे कारण : "इतर". आमच्या शॉपमधलं सगळ्यात मोठं खातं "इतर" हेच आहे.

५ जून, गुरुवार

जोडणी. सात लेथ आणि दोन्ही व्हीएमसींचे कंट्रोल फॅनकचे, मागे इथरनेट आहे. फोकास या फॅनकच्याच लायब्ररीतून ८१९३ पोर्टवर विचारलं की प्रोग्रॅम नंबर, स्पिंडल लोड (कापताना मोटरवर येणारा भार), अलार्म, जॉबचा (निघालेल्या भागांचा) काउंटर, सगळं मिळतं. उरलेल्या दोन लेथ जुन्या, आरएस-२३२ वाल्या. त्यांच्या स्पिंडल मोटरच्या वायरीला सीटीचा, म्हणजे करंट मोजायचा, चिमटा लावला. करंट चढला की मशीन कापतंय, उतरला की मोकळं. एवढ्यावर भागतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोल असते तर ओपीसी यूए नाहीतर एमटीकनेक्ट अशा सगळ्या मशीनना चालणाऱ्या सामाईक भाषेची वाट धरावी लागली असती, ती वेळ आली नाही.

वेळ गेला घड्याळांत. अकरा मशीन, अकरा वेळा. लेथ-६ चं घड्याळ ४७ मिनिटं मागे. एका व्हीएमसीत अजून २०१९ साल चालू आहे, तिथला पूर अजून ओसरायचा आहे. वेळ जुळत नसेल तर "अलार्म आधी की इन्सर्ट तुटला आधी" हे कुठल्याच हुशार यंत्राला कळणार नाही. दिवसभर घड्याळं लावत फिरले. नेटवर्कचा डबा कुलंटच्या वाफेपासून लांब, स्टोअरच्या भिंतीवर नेला.

११ जून, बुधवार

एजंट आणायच्या आधी आजचं माप घ्यायचं, नाहीतर तीन महिन्यांनी सुधारणा कशावरून म्हणायची? लेथ-३ चं गेल्या आठवड्याचं सरासरी पाळीचं गणित :

पाळी ४८० मिनिटं, जेवण-चहाची ५० वजा, उरली ४३०. मशीन चाललं ३०१. उपलब्धता ७० टक्के. एका जॉबला ४.२ मिनिटं लागायला हवीत, जॉब निघाले ६२, म्हणजे वेग ८६.५ टक्के. त्यातले चांगले ६०, गुणवत्ता ९६.८ टक्के. तिन्हींचा गुणाकार, म्हणजे ओईई (मशीनचा एकूण कस), ५८.६.

दादांचा चेहरा पडला. त्यांच्या मते आपण ८० च्या वर होतो. सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमबरोबर (सगळ्यांनी मिळून मशीनची निगा राखायची पद्धत) हे गणित कारखान्यांत रुजवलं. तेव्हापासून ८५ टक्के हा आकडा प्रत्येक ऑडिटरच्या तोंडी असतो, म्हणून सगळेच ८० च्या आसपास सांगतात. कुणी मोजत नाही तोवर चालतं.

मला आकड्यापेक्षा बंद असलेली १२९ मिनिटं महत्त्वाची वाटली. रोज पाळीला घड्याळ घेऊन उभी राहिले तेव्हा हिशेब असा लागला : अलार्म आणि बिघाड १४, इन्सर्ट बदलणं आणि मोडतोड ३१, सेटिंगनंतर पहिला जॉब क्वालिटीकडून पास होऊन यायची वाट ३८, कास्टिंगची वाट २२, आणि २४ मिनिटांचा पत्ताच नाही. म्हणजे मशीन बिघडून थांबतं ते फक्त १४ मिनिटं. बाकी वेळ ते माणसाची, ट्रॉलीची, नाहीतर सहीची वाट बघत उभं असतं.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर दादांना मशीन बिघडायच्या आधी सांगणारा एजंट दाखवला होता म्हणे. आमच्याकडे तो आला तर त्या १४ मिनिटांसाठी येईल.

१६ जून, सोमवार

पहिला एजंट : पाळी बदलताना निरोप देणारा.

तात्यांनी विचारलं, "म्हंजे नक्की हाय काय हे?" तात्या दिवसपाळीला लेथ-३ वर, मशीनवर ३१ वर्षं झालेला माणूस. त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. भाषा समजणारं एक मॉडेल आहे, ते नुसतं बोलू शकतं. त्याच्या हातात हत्यारं दिली, म्हणजे मशीनचा डेटा वाच, स्टोअरचा साठा बघ, निरोप पाठव, की ते एक पाऊल टाकतं, काय झालं ते बघतं, मग पुढचं पाऊल ठरवतं. काम संपेपर्यंत हा फेरा चालतो. त्याला एजंट म्हणतात. इंग्रजीत त्या हत्यारांना टूल म्हणतात. आमच्या शॉपमध्ये टूल म्हटलं की लोक स्टोअरकडे बघतात, म्हणून इथे हत्यारच लिहीन. ही हत्यारं मॉडेलला जोडायला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरला. अँथ्रोपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला, तयार जोडण्या बऱ्याच मिळतात.

तात्या म्हणाले, "म्हंजे हेल्पर." हो, हेल्परच.

आत्ता सगळी हत्यारं फक्त वाचण्याची. लिहायचा अधिकार एकाच जागी, पाळीच्या निरोपाच्या पानावर.

माणसांकडून येणारी माहिती आवाजात घ्यायची ठरवली, कारण ग्रीस लागलेल्या हातानं कुणी टाइप करत नाही. पहिल्या दिवशी आवाजाचं लिखाण वाचून हसून पुरेवाट. "बोअर ओव्हरसाइज" चं "बोर ओव्हरसीज" झालं, "रनआउट येतोय" चं "रानात येतोय". शॉपमधल्या १४० शब्दांची यादी करून दिली : फेसिंग, ऑफसेट, जॉ, चक, बर, डायल, टेलस्टॉक, गो-नोगो. आता बरंच जमतं. मॉडेलला पुस्तकी मराठी येते, पण आमच्याकडचं "जॉब मारला" म्हणजे चोरी नव्हे, हे सांगावं लागलं.

२० जून, शुक्रवार

मशीन सहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की एजंट मशीनजवळच्या टॅबवर कारण विचारतो. दुसऱ्याच दिवशी बोंब. बापू म्हणाले, "मुतायला गेलो तरी इचारतंय, पोलीस हाय का ह्यो?" त्यांचं बरोबर होतं. आता मशीन परत चालू झाल्यावरच एकदा विचारतो. चार चौकोनांतला एक दाबायचा, नाहीतर बोलायचं, नाहीतर सोडून द्यायचं. सोडून दिलं तर पुन्हा विचारत नाही.

उत्तरं वाढली. "इतर" कमी झालं. काही उत्तरं नुसती "चहा" अशी आहेत आणि ती खरी आहेत.

२७ जून, शुक्रवार

आता मूळ प्रश्नाकडे. एजंटला स्टोअरमधून इन्सर्ट दिल्याच्या नोंदी, मशीनचा डेटा आणि पाळीपत्रक दिलं आणि विचारलं, लेथ-३ वर इन्सर्ट का तुटतात?

दोन मिनिटांत उत्तर आलं, आलेखासकट. रात्रपाळीत इन्सर्ट तुटण्याचं प्रमाण दिवसपाळीच्या तिप्पट. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, इन्सर्ट त्याच डब्यातले. बदलतो तो ऑपरेटर. निष्कर्ष : ऑपरेटरची पद्धत तपासावी, प्रशिक्षण द्यावं. खाली नाव.

रात्री लेथ-३ वर जतकडचा एक पोरगा असतो, आयटीआय करून आलेला, वर्षही झालं नाही. दादा म्हणाले, "वाटलंच होतं." त्याला बोलावून समज दिली. मी तिथेच उभी होते. मलाही ते पटलं होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

१ जुलै, मंगळवार

रात्री २ वाजून ४० मिनिटांचा त्या पोराचा आवाजी निरोप, सकाळी ऐकला : "मॅडम, माल हार्ड लागतोय. पहिल्या कटलाच आवाज बदलतोय." लिखाण अगदी बरोबर झालं होतं. एजंटनं ते वाचून "इतर" मध्ये टाकलं होतं, कारण मी केलेल्या कारणांच्या यादीत "माल हार्ड" नव्हतंच. जून महिन्याचे जुने निरोप काढले. हेच वाक्य, थोडं इकडेतिकडे, सात वेळा.

मग स्पिंडल लोड जॉब-जॉबनं काढला. इन्सर्ट झिजत असेल तर लोड हळूहळू चढत जातो, तीसेक जॉबमागे थोडा थोडा. इथे तसं नव्हतं. फेसिंगला (तोंड सपाट कापताना) एरवी ३८ ते ४२ टक्के, मध्येच एखाद्या जॉबला पहिल्या कटपासूनच ५५-६०, पुढच्या जॉबला परत ४०. झीज अशी उड्या मारत नाही. जॉब बदलला की लोड बदलतो, म्हणजे खोड मालात आहे.

पण मग दिवसपाळीला हाच माल लागतो, तिथे इन्सर्ट का तुटत नाहीत? एजंटला परत विचारलं. त्यानं कुलंटचं तापमान, व्होल्टेज, ऑपरेटरचा अनुभव अशी सहा कारणं दिली. सगळी शक्य होती, पण एकही खरं नव्हतं.

४ जुलै, शुक्रवार

सकाळी सात वाजता लेथ-३ जवळ खुर्ची टाकून बसले, काहीच न विचारता.

तात्या रॅकवरून कास्टिंग उचलतात, वळवतात, डब्याखालून एक जुनी कानस काढतात आणि फ्लँजच्या पातळ कडेवर एकदा ओढतात. मग जॉब चकात, म्हणजे मशीनच्या पकडीत. पाच-सहा जॉबनंतर एकावर कानस घसरली, धरलीच नाही. तात्यांनी तो जॉब न बघता रॅकच्या मागच्या बाजूला सरकवला आणि पुढचा घेतला.

"तात्या, हे काय?"

"काय काय? हार्ड हाय. मागं ठेवला."

"कधीपासून करताय असं?"

"कधीपासून म्हंजे? पहिल्यापास्नं. दिवसाची संख्या निघाया नको व्हय?"

"मग त्या जॉबचं पुढं काय होतं?"

"जातंय की कुठंतरी."

रॅकची मागची बाजू ट्रॉलीच्या वाटेवर आहे. रात्री हेल्पर नसतो, तेव्हा तो पोरगा जवळ पडतं म्हणून मागूनच उचलतो. दिवसभर चाळून बाजूला काढलेला हार्ड माल सगळा रात्री त्याच्या चकात. दिवसपाळीचे आकडे चांगले आणि रात्रपाळीचे वाईट, दोन्हींचं कारण एकच कानस.

मागचे बारा जॉब घेऊन हार्डनेस टेस्टर लावला. चांगल्या जॉबच्या कडेवर १९७ ते २१२ बीएचएन (ब्रिनेल हार्डनेसचा आकडा). मागच्यांवर २७० च्या पुढे, दोन तर ३०० पार. इन्सर्ट तुटेल नाहीतर काय.

तात्यांनी लपवलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ही माहिती नव्हतीच, हाताची सवय होती. आणि एजंटचं गणितही चुकलं नव्हतं. रात्री जास्त तुटतात, तो पोरगा रात्री असतो, दोन्ही खरं. कानस कुठल्याच नोंदीत नव्हती.

संध्याकाळी पाळी बदलताना दादांनी त्या पोराला केबिनमध्ये न बोलावता मशीनजवळच गाठलं. "तुझी चूक नव्हती," एवढंच म्हणाले. चहा मागवला. पोरगं खाली बघत होतं. मी पण.

रॅकला आजच लाल रंगाचा वेगळा कप्पा केला. आणि एक नियम : एजंटच्या कुठल्याही अहवालात माणसाचं नाव येणार नाही. मशीन, हीट (फौंड्रीतल्या भट्टीचा एक घाणा), लॉट, वेळ, एवढंच. पाळीपत्रक वाचायचं हत्यार त्याच्याकडून काढून घेतलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. शॉप बंद. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, आणि डोक्यात हीट नंबर.

१२ जुलै, शनिवार

बीड हार्ड का होतं? पातळ भाग साच्यात लवकर थंड झाला की कार्बनला ग्रॅफाइट होऊन बसायला वेळ मिळत नाही, तो लोखंडाशी जोडून कार्बाइड होतो. तोडला तर तिथला भाग पांढरा दिसतो, त्याला चिल म्हणतात. हे टाळायला ओतायच्या आधी लॅडलमध्ये (रस ओतायच्या मोठ्या पळ्यात) फेरोसिलिकॉनसारखं इनॉक्युलंट टाकतात. पण त्याचा जोर काही मिनिटांत उतरतो. लॅडल रेंगाळलं की शेवटच्या साच्यांना त्याचा उपयोग उरत नाही.

हे कळायला माझं मेटलर्जी पुस्तकातून झाडून काढावं लागलं. कुठली कास्टिंग कुठल्या हीटची हे कळायला तर त्याहून जास्त घाम. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो. कॅमेऱ्यानं वाचायचा प्रयत्न केला, शॉट ब्लास्टिंगमुळे ३ आणि ८ सारखेच दिसतात. शेवटी लोडरला सांगितलं, ट्रॉली लावताना हीट नंबर बोल. बोलायला दोन सेकंद लागतात.

आता एजंटनं खरं काम केलं. २३ हीट, प्रत्येक जॉबचा पहिल्या कटचा लोड, तुटलेले इन्सर्ट, सगळं जोडून दाखवलं : त्रास जवळजवळ सगळा पाच हीटमधला. हे मी हातानं केलं असतं तर आठवडा गेला असता, आणि खरं सांगायचं तर केलंच नसतं.

त्यानं फौंड्रीला पाठवायचं पत्रही लिहून दिलं. वकिलाच्या नोटिशीसारखं. ते फाडलं आणि फोन केला. तिकडून पहिलं उत्तर नेहमीचं : "आधी तुमचं फीड कमी करा." म्हणून सोमवारी पाच जॉब कापून, पांढरी कड दिसेल असे, गाडीत टाकून जाणार.

१५ जुलै, मंगळवार

काल फौंड्रीत. सुपरवायझर मामांनी पांढरी कड बघितली आणि वाद संपला. प्रत्येक लॅडलला वेजची चाचणी घ्यायचं कबूल केलं : पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतायचा, तोडायचा, टोकाकडची पांढरी रुंदी मोजायची. लॉटबरोबर तो आकडा येईल. येताना शिरोलीला मिसळ खाल्ली.

१८ जुलै, शुक्रवार

एजंटचा सल्ला : लेथ-३ चा कटिंग स्पीड १० टक्के वाढवा, टूल लाइफ साधारण १० टक्के कमी होईल.

चूक. टेलरचं समीकरण १९०७ पासून आहे : वेग गुणिले आयुष्याचा एन-घात बरोबर स्थिरांक. कार्बाइडला एन साधारण ०.२५ धरतात. वेग १.१ पट केला की आयुष्य १.१ च्या चौथ्या घाताने भागलं जातं, म्हणजे ६८ टक्के उरतं. एक तृतीयांश गेलं. मॉडेलनं हिशेब न करता वाटलं ते लिहिलं होतं. आता त्याला गणिताचं वेगळं हत्यार दिलं आहे. आकडा लिहायचा तर त्यातूनच काढायचा, आणि सूत्र खाली दाखवायचं.

मग दोघांनी मिळून नीट हिशेब केला. इन्सर्ट ३२० रुपयांचा, चार कडा, कडेला ८० रुपये. एका कडेत ६० जॉब, म्हणजे जॉबला १.३३. आयुष्य मिनिटांत ६८ टक्के उरलं, पण जॉबही कमी मिनिटांत कापून होतो, म्हणून कडेत ४५ जॉब, जॉबला १.७८. जॉबला ४५ पैसे जास्त. इन्सर्ट बदलायला चार मिनिटं लागतात, तो वेळही वाढला, २२ पैसे. उलट कापायची २.६ मिनिटं २.३६ वर आली, मशीनचा दर मिनिटाला १० रुपये धरला तर २.३६ रुपये वाचले. निव्वळ फायदा जॉबला जवळजवळ एक रुपया सत्तर पैसे. कागदावर बरोबर.

तरी नको म्हटलं. ६२ जॉबमागे वाचणार १५ मिनिटं, आणि हेच मशीन पाळीला १२९ मिनिटं वाट बघत उभं आहे. वाचलेली १५ मिनिटंही वाट बघण्यातच जातील आणि इन्सर्ट मात्र जास्त लागतील. आधी वाट कमी करू, मग वेग.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. एजंटनं आजची आखणी भरगच्च केली होती, आणि शिराळ्याकडचे दोघं नाहीत. शिराळ्याच्या माणसानं नागपंचमीला कामावर यावं, ही अपेक्षा फक्त यंत्रच करू शकतं. सरकारी सुट्ट्यांची यादी त्याला दिली होती, गावच्या जत्रांची नव्हती. आज भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले : जत्रा, उरूस, बेंदूर, ऊस तोडणीचा हंगाम. कोण कुठल्या गावचा हे न सांगता फक्त "या दिवशी दोन माणसं कमी धर" असं भरलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आता ती ३८ मिनिटं. पहिला जॉब पास व्हायची वाट.

क्वालिटीत एकच माणूस, आण्णा. एकाच वेळी तीन मशीनवर सेटिंग संपलं की तिघं आपापले जॉब घेऊन त्यांच्या दारात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा जॉब आधी. एजंटला काउंटरवरून कळतं की लेथ-५ चा लॉट किती मिनिटांनी संपणार. सेटिंगला साधारण किती लागतात तेही आता माहीत आहे. म्हणून तो आण्णांना वीस मिनिटं आधी सांगतो : "लेथ-५ चा पहिला जॉब साधारण ११.१० ला येईल, ५२ चा प्लग गेज लागेल." दोन एकदम येणार असतील तर ज्या मशीनमागे ट्रक उभा आहे ते आधी.

बस. एवढंच. दहा दिवसांची सरासरी ३८ वरून १७ मिनिटं. सगळ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त पैसे यात वाचले, आणि कुणाला सांगायला गेलं तर जांभई देतात. दादा तर म्हणाले, "हे काय, आण्णाला फोन केला तरी झालं असतं." झालं असतं. वीस वर्षांत कुणी केला नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

दादांना आता चटक लागली. "एजंटनं ऑफसेट स्वतःच बदलावा, ऑपरेटर कशाला पाहिजे मध्ये?" ऑफसेट म्हणजे माप जुळवायला इन्सर्ट किती सरकवायचा तो मशीनमधला आकडा. मी महिनाभर टाळत होते. आज आपोआप उत्तर मिळालं.

५२ एच७ चा बोअर. म्हणजे भोकाचा व्यास ५२.००० ते ५२.०३० मिलिमीटरच्या आत. जॉब मापला ५२.०१८, भरताना बोट सरकलं आणि ५२.१०८ पडला. एजंटनं सुचवलं : एक्स ऑफसेट व्यासात ०.०९३ नं कमी करा. टॅबवर वाचून तात्या मोठ्यानं हसले. "दोन जॉबांत एवढा वाढतोय व्हय बोअर? पुन्हा माप." मापला, बरोबर होता.

आपोआप बदल झाला असता तर बोअर बारीक झाला असता, तो परत मारता येतो. हीच चूक उलट्या बाजूला झाली असती तर बोअर मोठा, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत निघालेले सगळे जॉब भंगारात. नियम लिहिला : ०.०२ पेक्षा जास्त ऑफसेट सुचवायचा असेल तर आधी दुसरं माप मागायचं. कितीही असला तरी बटण ऑपरेटर दाबणार. मशीनमध्ये लिहायचं हत्यार एजंटला देणार नाही. दादा कुरकुरले, पण तात्या समोर होते.

२० ऑगस्ट, बुधवार

नदीला पाणी चढतंय. सगळ्यांच्या फोनवर एकच आकडा, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ चे ५७ फूट कुणी विसरलेलं नाही. कुपवाडला पाणी येत नाही, पण सूर्यवंशी प्लॉट आणि कर्नाळ रोडचे पाच जण सामान वर चढवायला घरी.

एजंटला सांगितलं, आज पाच कमी. दोन मिनिटांत नवी आखणी, कुठला माल आधी जायला हवा हेही बरोबर. फक्त रात्री एका माणसाला चार मशीन दिली होती. एका माणसाला दोनच मशीन, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलं. दोन मशीन बंद ठेवली आणि गिऱ्हाइकाला फोन केला.

४ सप्टेंबर, गुरुवार

तीन महिने झाले. लेथ-३, गेल्या आठवड्याची सरासरी पाळी : ४३० मधली ३३६ मिनिटं चाललं, ७० जॉब, ६९ चांगले. ओईई ६७.४.

बंद ९४ मिनिटं : अलार्म १५, इन्सर्ट १७, पहिला जॉब १७, कास्टिंगची वाट २९, पत्ता नसलेली १६. कास्टिंगची वाट वाढलेली दिसते, ती वाढलेली नाही. आधी "पत्ता नाही" मध्ये लपलेली होती, ती आता आपल्या नावानं आली. अलार्म जिथे होता तिथेच, त्याला आम्ही हातही लावला नाही.

मॉडेलचं महिन्याचं बिल इन्सर्टच्या दीड डब्याएवढं. चिमटे, टॅब, नेटवर्क मिळून खर्च झाला तो वेगळा. माझे तीन महिने कुणी धरत नाही.

दादांसाठी केलेलं आलेखांचं पान बंद केलं, ते उघडत नव्हते. त्याऐवजी सकाळी साडेसातला त्यांच्या फोनवर पाच ओळी जातात. त्या ते वाचतात आणि आठच्या आत मला फोन करतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

रात्रपाळीचा निरोप, आवाज जतच्या पोराचा : "हीट ४१७. तीन जॉब लाल कप्प्यात ठेवलेत. कानस घसरली. वेजचा आकडा लॉटबरोबर आलेला नाही."

तात्यांनी त्याला स्वतःची कानस दिली नाही, ती ते कुणाला देत नाहीत. स्टोअरमधून दुसरी काढून दिली आणि दोन दिवस पाळी संपल्यावर थांबून कडेवर कशी ओढायची ते दाखवलं. टॅबवरच्या चौकोनांत आता "माल हार्ड" आहे.

आज करायचं : फौंड्रीला फोन, वेजचा आकडा का नाही. ४१७ चा उरलेला माल उतरवायचा नाही. लेथ-६ चं घड्याळ पुन्हा चार मिनिटं मागे पडलंय, बॅटरी बदलणे.